रेसवॉकरचं करिअर: घड्याळाशी कमी, पंचांच्या डोळ्याशी जास्त

पुरुषांच्या २० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीचा, म्हणजे रेसवॉकिंगचा, वर्ल्ड रेकॉर्ड आहे १ तास १६ मिनिटं १० सेकंद. जपानच्या तोशिकाझू यामानिशीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबेला केलेला. भागाकार करून बघा, एका किलोमीटरला ३ मिनिटं ४९ सेकंद पडतात, म्हणजे ताशी पावणेसोळा किलोमीटर. रोज सकाळी रनिंगला जाणाऱ्यातल्या बऱ्याच जणांना या स्पीडने एक किलोमीटर धावता पण येणार नाही आणि हा माणूस असे वीस किलोमीटर सलग चालतो. तरी टीव्हीवर ही शर्यत लागली की ती हलणारी कंबर बघून लोकांना हसू येतंच. ब्राझीलचा कायो बोनफिम, ज्याने २०२४ला पॅरिसमध्ये सिल्व्हर आणि २०२५ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २० किलोमीटरचं गोल्ड घेतलं, त्याने स्वतः सांगितलंय की रस्त्यावर प्रॅक्टिस करताना लोक त्याला टोमणे मारायचे. त्याची आई स्वतः रेसवॉकर होती आणि तीच त्याची कोच, म्हणजे घरात बहुतेक सवय असणार या सगळ्याची.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात तो, की एवढ्या स्पीडला शरीर आपोआप धावायला लागत नाही का? लागतं ना! साधा माणूस ताशी सातच्या आसपास पोचला की चालण्यापेक्षा धावणं सोपं वाटायला लागतं आणि पाय आपोआप गिअर बदलतात. रेसवॉकर त्याच्या दुपटीहून जास्त स्पीडला जातो आणि तरी शरीराला धावू देत नाही. त्याचं सगळं ट्रेनिंग, त्याची सगळी मेडलं आणि त्याची सगळी रड या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून आधी नियम नीट समजून घेऊ, बाकी करिअर त्याच्यावरच उभं आहे.

नियम दोनच आहेत. एक, दोन्ही पाय एकाच वेळी हवेत दिसायला नकोत, म्हणजे मागचा पाय सुटायच्या आधी पुढचा पाय टेकलेला पाहिजे. दोन, पुढचा पाय जमिनीला लागला त्या क्षणापासून ते शरीर त्याच्या बरोबर वर येईपर्यंत गुडघा सरळ पाहिजे, वाकलेला चालणार नाही. पहिल्या नियमात एक महत्त्वाचं वाक्य आहे, की पाय सुटलेला माणसाच्या उघड्या डोळ्याला दिसला तरच तो गुन्हा. कॅमेरा नाही, स्लो मोशन नाही, रिप्ले नाही, पंच रस्त्याच्या कडेला उभं राहून जे बघेल तेच खरं.

आणि इथेच सगळी गंमत आहे. हाय-स्पीड कॅमेऱ्याने मोजलं तर जगातले जवळपास सगळेच टॉपचे वॉकर प्रत्येक पावलाला थोडा वेळ हवेत असतात, पण तो वेळ इतका कमी असतो, साधारण ३० ते ४० मिलिसेकंद, की डोळ्याला तो पकडता येत नाही, त्याच्या वर गेलं की मात्र दिसायला लागतं. म्हणजे खरा खेळ काय, तर जितका वेळ हवेत राहिलं तर कोणाला दिसणार नाही बरोब्बर तितकाच वेळ हवेत राहायचं आणि ते पण मिनिटाला दोनशे पावलं टाकत. पुरुषांचं पाऊल सव्वा मीटरच्या आसपास धरलं तर २० किलोमीटरला सोळा हजार पावलं होतात, आणि त्या सोळा हजारांत थकल्यावर पडणारी पावलं पण आली. लोक याला चीटिंग म्हणतात, मला ते पटत नाही, नियमच तसा लिहिलाय आणि सगळ्यांना तो सारखाच लागू आहे. पण यामुळे होतं असं की ज्याचं फुफ्फुस मोठं तो जिंकेल असं सरळ गणित इथे राहत नाही. दम शिल्लक असतो, पाय पण अजून फास्ट जाऊ शकतात, पण गेलं तर दिसेल म्हणून जायचं नाही, हे धावणाऱ्याला कधी करावं लागत नाही.

पंचांची सिस्टीम अशी. शर्यत एक-दोन किलोमीटरच्या लूपवर होते, त्याच रस्त्याने फेऱ्या, आणि कडेने सहा ते नऊ पंच उभे असतात. संशय आला तर पंच पिवळं पॅडल दाखवतो, त्यावर नागमोडी रेघ असली तर पाय सुटतोय, कोन काढलेला असला तर गुडघा वाकतोय. ही फक्त वॉर्निंग. नियम मोडतोय अशी खात्री झाली की पंच रेड कार्ड लिहितो, त्याच्या आधी पिवळं दाखवलंच पाहिजे असं पण नाही. एक पंच एका खेळाडूला एकच रेड कार्ड देऊ शकतो आणि पंचांनी आपापसात बोलायचं नसतं. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन रेड कार्डं झाली की खेळ खल्लास, असा नियम कित्येक वर्षं होता. आता मोठ्या स्पर्धांमध्ये तिसऱ्या कार्डाला पेनल्टी झोनमध्ये थांबावं लागतं, २०२५ पर्यंत २० किलोमीटरला दोन मिनिटं आणि ३५ला साडेतीन, आणि चौथं कार्ड आलं की बाद. रस्त्याच्या बाजूला एक बोर्ड असतो, कोणाच्या नावापुढे किती लाल खुणा आहेत ते त्यावर दिसतं. जाणकार माणूस पायांपेक्षा तो बोर्डच जास्त बघतो.

हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात कसं दिसतं ते बघायचं तर पोलंडचा रॉबर्ट कोझेन्योव्स्की. १९६८चा जन्म, लहानपणी सांध्यांच्या आजाराने त्रस्त. १९९२ला बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये ५० किलोमीटरच्या शर्यतीत तो दुसऱ्या नंबरवर होता, साडेतीन तासांहून जास्त चालून झालेलं, स्टेडियम समोर, आणि तिथे त्याला लाल पॅडल दाखवलं गेलं. बाद. नंबर नाही, टायमिंग नाही, काहीच नाही. चोवीस वर्षांचं वय. या खेळात हे असं होतं हे सगळ्यांना माहिती असतं, पण माहिती असणं वेगळं.

त्यानंतर त्याने काय केलं हे महत्त्वाचं आहे. १९९५च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ५० किलोमीटरला ब्राँझ, १९९६ला अटलांटात गोल्ड, १९९७ला वर्ल्ड चॅम्पियन. आणि मग सिडनी २०००, जिथे त्याने २० किलोमीटर पण जिंकलं आणि बरोबर एका आठवड्याने ५० पण जिंकलं, एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन्ही जिंकणारा तो पहिलाच. २००३ला पॅरिसच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ३ तास ३६ मिनिटं ३ सेकंदांचा वर्ल्ड रेकॉर्ड, २००४ला अथेन्समध्ये परत गोल्ड, आणि मग रिटायर. चार ऑलिम्पिक गोल्ड. चालण्याच्या शर्यतीतला सगळ्यात मोठा माणूस कोण असं विचारलं तर बहुतेक लोक त्याचंच नाव घेतात.

पण त्या सिडनीच्या २० किलोमीटरमध्ये रेषा सगळ्यात आधी ओलांडली ती मेक्सिकोच्या बर्नार्डो सेगुराने. शर्यत जिंकली म्हणून सेलिब्रेशन झालं, आणि मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेडियो यांचा अभिनंदनाचा फोन चालू असतानाच त्याला कळवलं गेलं की तिसरं रेड कार्ड आलेलं आहे, तू बाद आहेस. कार्डं गोळा करून चीफ जजपर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे असं व्हायचं. म्हणजे कोझेन्योव्स्कीचं जे नुकसान १९९२ला झालं त्याच प्रकारच्या निर्णयातून त्याला २०००चं गोल्ड मिळालं. त्याच सिडनीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल घरच्या प्रेक्षकांसमोर महिलांच्या २० किलोमीटरमध्ये पहिली चालत होती, स्टेडियमच्या बोगद्यात शिरली, पलीकडे खच्चून भरलेलं स्टेडियम तिची वाट बघतंय आणि बोगद्याच्या तोंडाशी लाल पॅडल घेतलेला माणूस उभा. तिच्या आधी पुढे असणाऱ्या अजून दोघी त्याच शर्यतीत बाद झालेल्या होत्या, शेवटी चीनची वांग लिपिंग जिंकली. सॅव्हिलला चार वर्षांनी अथेन्समध्ये ब्राँझ मिळालं.

हे असले प्रकार फार झाले म्हणूनच पेनल्टी झोन आला असं म्हणायला हरकत नाही, म्हणजे एका चुकीला फाशी नको, दोन मिनिटं थांब आणि परत चाल. पण वरच्या लेव्हलला दोन मिनिटं म्हणजे मेडल गेल्यातच जमा. टोकियो २०२५ला स्वतः यामानिशीला, वर्ल्ड रेकॉर्ड त्याचा, दोनदाचा वर्ल्ड चॅम्पियन, घरचं मैदान, आघाडीच्या धडपडीत असताना थांबावं लागलं आणि शर्यत बोनफिमने जिंकली. बोनफिमची त्या शर्यतीत तिसऱ्या किलोमीटरच्या आसपास लग्नाची अंगठी हरवली होती, ती वेगळीच गोष्ट.

आता टेक्निककडे या, कारण पंचांचा विश्वास मिळवायचा तो इथूनच. गुडघा सरळ ठेवून पाऊल लांब टाकायचं तर ते गुडघ्यातून मिळणार नाही, म्हणून ते कमरेतून काढतात. कमरेचं हाड दर पावलाला पुढे-मागे फिरतं आणि एका बाजूला खाली जातं, त्यामुळे पाय जणू काही इंच लांब होतो आणि डोकं वर-खाली न होता एका लेव्हलला सरकत राहतं. हसणारे ज्याला हसतात ना, ते नेमकं हेच आहे, त्याच्याशिवाय हा स्पीड येतच नाही. दोन्ही पावलं जवळपास एकाच रेषेत पडतात, टाच आधी, पंजा वर उचललेला. त्यामुळे नव्या मुलांची सगळ्यात आधी नडगी भरून येते, पंजा धरून ठेवणारा नडगीचा स्नायू बोंब मारायला लागतो, आणि मग मांडीच्या मागचा स्नायू. हात कोपरातून वाकवलेले आणि आखूड झोक्याचे, कारण हात वर उडाले की शरीर वर उडतं आणि पंचांची नजर लगेच तिकडे जाते. खांदे वर चढले, चेहरा वेडावाकडा झाला, डोकं उसळायला लागलं, यातलं काहीच नियमात नाही, पण पंचाला पाय बघायचं निमित्त मिळतं. म्हणून कोच लोक स्टाइल "स्वच्छ" पाहिजे असं डोक्यात भरत असतात. ज्याची चाल स्वच्छ म्हणून ओळखली जाते त्याच्याकडे पंचांचं लक्ष कमी जातं का? कोणी उघड कबूल करणार नाही, पण माणसाचे डोळे म्हटल्यावर थोडंफार होत असणार असं मला तरी वाटतं. म्हणूनच बुटात सेन्सर घालून पाय किती वेळ हवेत राहतो ते मोजायचे प्रयोग झालेत, पण निर्णयाचा अधिकार अजून माणसाच्या डोळ्याकडेच आहे.

ट्रेनिंग म्हणाल तर आठवड्याला शंभर-सव्वाशे किलोमीटर ही साधी गोष्ट, कधी त्याहून बरंच जास्त, त्यात उंचीवरचे कॅम्प, फ्रान्समधलं फाँ-रोमू, स्वित्झर्लंडमधलं सेंट मोरित्झ वगैरे. त्यातला मोठा भाग हळू चालण्याचा असतो, आणि थकलेल्या पायांनी पण टेक्निक मोडू नये म्हणून ड्रिल. लांब शर्यतीत ३०व्या किलोमीटरनंतर ग्लायकोजेन, म्हणजे शरीरातला साखरेचा साठा, संपायला लागतो आणि थकलेला गुडघा टेकताना वाकायला लागतो, म्हणजे थकवा इथे फक्त स्पीड कमी करत नाही, तो सरळ रेड कार्ड आणतो. पाणी, जेल, बर्फ हे सगळं लूपवरच्या टेबलावरून चालता चालता उचलायचं आणि पोट बिघडलं तर तासन्‌तासांचं काम वाया. फ्रान्सचा योहान दिनीझ, ५० किलोमीटरचा ३:३२:३३ हा रेकॉर्ड ज्याने २०१४ला झुरिकमध्ये केला, तोच माणूस २०१६ला रिओत आघाडीवर असताना पोट बिघडून कोसळला, परत उठला आणि तशाच अवस्थेत शर्यत पूर्ण केली.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते की खेळाडूंच्या आहारावर जे संशोधन होतं त्यात या वॉकर लोकांनी मोठं काम केलंय. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला लुईस बर्क यांच्या टीमने जगभरातले टॉपचे रेसवॉकर बोलावून त्यांच्यावर लो-कार्ब हाय-फॅट आहाराचा अभ्यास केला, कीटो डाएट म्हणतात तोच प्रकार. त्यात दिसलं असं की शरीर चरबी जास्त जाळायला लागलं हे खरं, पण तोच स्पीड ठेवायला ऑक्सिजन जास्त लागायला लागला आणि शर्यतीतला फायदा झाला नाही, भरपूर कार्ब खाणाऱ्यांचा टाइम मात्र सुधारला. वॉकरच का घेतले? तर हे लोक तासन्‌तास एका लयीत चालतात आणि कॅम्पला एकत्र राहायला तयार होतात. पैसे कमी असतात हे पण एक कारण असावं, हा माझा अंदाज.

पैशाचं सांगायचं तर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मिळालं तर बाकी इव्हेंटसारखेच ७०,००० डॉलर मिळतात, पण टीव्हीवर दिसणाऱ्या डायमंड लीगच्या, म्हणजे अ‍ॅथलेटिक्सच्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेच्या, गर्दीत वॉकिंग नाही, मॅरेथॉनसारख्या शहरोशहरीच्या बक्षिसाच्या शर्यती नाहीत. त्यामुळे बऱ्याच देशांत वॉकर सैन्यात किंवा पोलिसात नोकरीला असतो, इटलीत तर ही पद्धत फार जुनी आहे, टोकियोचा ऑलिम्पिक चॅम्पियन मासिमो स्तानो पोलिसांच्याच क्लबचा.

वयाच्या बाबतीत मात्र हा खेळ दयाळू आहे. पळण्यापेक्षा जमिनीचा मार कमी बसतो, आणि टेक्निक व अनुभव वयाबरोबर वाढतो. स्पेनचा हेसूस आंखेल गार्सिया १९९३ला वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि त्यानंतर २०२१ला सापोरोत, टोकियो ऑलिम्पिकची ५० किलोमीटर, ५१व्या वर्षी चालला, ते त्याचं आठवं ऑलिम्पिक. पोर्तुगालच्या जुआंव व्हिएराने २०१९ला दोहात ५० किलोमीटरचं वर्ल्ड सिल्व्हर घेतलं तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, ती शर्यत उन्हामुळे रात्री साडेअकराला सुरू केली होती.

डोपिंगचा भाग मी लवकर उरकतो, पण टाळता येत नाही. रशियाच्या सारांस्क शहरातल्या सेंटरने कित्येक वर्षं मेडलं लुटली आणि मग एकामागून एक नावं पकडली गेली, कोच व्हिक्टर चेगिनवर आजन्म बंदी आली. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या करिअरचं काय? ऑस्ट्रेलियाचा जेरेड टॅलंट २०१२ला लंडनमध्ये ५० किलोमीटरला दुसरा आला, सेर्गेई किरद्यापकिनचं गोल्ड काढून घेतल्यावर २०१६ला त्याला मेलबर्नमध्ये कार्यक्रम करून गोल्ड दिलं. चीनची छियेयांग शिजिए, तिबेटी मुलगी, लंडनला तिसरी आली होती, तिच्या पुढच्या दोघी रशियन यथावकाश बाद झाल्या आणि २०२२ला, म्हणजे दहा वर्षांनी, ती ऑलिम्पिक चॅम्पियन ठरली. स्पॉन्सर, नोकरी, बक्षीस, त्या वयात मिळायला हवं होतं ते सगळं तोपर्यंत निघून गेलेलं.

आणि आता शेवटचा प्रकार, जो मला सगळ्यात विचित्र वाटतो, तो म्हणजे अंतरच बदलणं. समजा तुम्ही पंधरा वर्षं ५० किलोमीटरसाठी शरीर घडवलंत आणि एक दिवस समितीने ठरवलं की ५० किलोमीटर बंद. १९३२ पासून, १९७६चा अपवाद सोडला तर, ऑलिम्पिकमध्ये असलेली ही शर्यत २०२१ला शेवटची झाली, पोलंडच्याच दाविद तोमालाने जिंकली. कारणं सांगितली गेली ती अशी की फार लांब आहे, टीव्हीवर कोणी बघत नाही, बायकांसाठी बरोबरीची शर्यत नाही. हे तिसरं कारण तर फारच झालं, कारण पोर्तुगालची इनेस हेन्रिक्स २०१७ला लंडनमध्ये महिलांची पहिली ५० किलोमीटर वर्ल्ड चॅम्पियन झाली होती, ४:०५:५६ मध्ये, बायका तयार होत्या, ऑलिम्पिकमध्ये त्यांना घेतलं नाही आणि मग शर्यतच काढून टाकली. त्याच्या जागी वर्ल्ड चॅम्पियनशिपला ३५ किलोमीटर आली, पॅरिस ऑलिम्पिकला ३५ पण नव्हती, तिथे एक पुरुष एक बाई मिळून मॅरेथॉनचं अंतर आलटून-पालटून चालायची रिले ठेवली, ती स्पेनच्या मारिया पेरेझ आणि आल्वारो मार्तीनने जिंकली. आणि २०२६ पासून परत नवीन, हाफ मॅरेथॉन आणि मॅरेथॉन, म्हणजे २१.१ आणि ४२.२ किलोमीटर, रस्त्यावरच्या धावण्याशी जुळणारी अंतरं, म्हणजे बघणाऱ्याला तुलना करता येईल.

कॅनडाच्या इव्हन डन्फीचं करिअर या सगळ्यातून गेलंय. २०१६ला रिओत ५० किलोमीटरला चौथा, शेवटी जपानच्या आराईचा धक्का लागला, कॅनडाने तक्रार केली, आराई बाद, मग जपानचं अपील, आराई परत तिसरा, आणि डन्फीने स्वतःच क्रीडा कोर्टात जायला नकार दिला. दोहाला ब्राँझ, टोकियो ऑलिम्पिकच्या ५०ला शेवटच्या काहीशे मीटरमध्ये स्पेनच्या मार्क तूरला मागे टाकून ब्राँझ. मग ५० बंद झाली तर तो ३५ला आला, मार्च २०२५ला ३५चा वर्ल्ड रेकॉर्ड केला, तो दोन महिन्यांत स्तानोने मोडला, आणि सप्टेंबरमध्ये टोकियोत डन्फी ३५ किलोमीटरचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, वर्ल्ड चॅम्पियनशिपचं पहिलं गोल्ड, वय ३४. साडेतीन महिन्यांनी ३५ किलोमीटर पण चॅम्पियनशिपमधून गेली. म्हणजे आता तो ३५चा शेवटचा वर्ल्ड चॅम्पियन, आणि परत मॅरेथॉन चालायचं म्हणजे सात किलोमीटर जास्त, जे ५०वाल्या जुन्या माणसाला २०वरून वर येणाऱ्या पोरांपेक्षा सोपं जाईल असं माझं गणित आहे.